मुलांच्या मनातली स्वतःची किंमत: "इतर म्हणजे कोण, बाई?"

आंबेशेतकरीण | रविवार, रात्री १०:१२

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, पेपर तपासणीतून आज कुठे डोकं वर निघालं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलात नववी-दहावीला मराठी शिकवते. गाव सांगत नाही, आणि मुलांबद्दल लिहिताना ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तर झालं असं की एका ऑफ तासाला मी नववीच्या पोरांना दहा वाक्यं दिली. माझ्या मनची नाहीत, मॉरिस रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, माणूस स्वतःला किती किंमत देतो ते मोजायला, १९६५ साली ही पट्टी काढली आणि आजही जगभर तीच वापरतात. पाच वाक्यं सरळ, पाच उलटी, प्रत्येकापुढे 'पूर्ण पटतं' ते 'अजिबात पटत नाही' असे चार पर्याय. मराठी मीच केलं. नाव लिहायचं नाही, कागद मला द्यायचा नाही, आपलं आपण बघा म्हटलं.

एक वाक्य होतं, 'निदान इतरांइतकी तरी माझी किंमत आहे असं मला वाटतं.' शेवटच्या बाकावरच्या एकाने हात वर केला, जो एरवी हजेरीलाही खाली बघून ओ देतो. म्हणाला, "बाई, इतर म्हणजे कोण? वाडीतले की मुंबैचे?"

वर्ग हसला, मीपण हसले. मग संध्याकाळी घरी नारळ खवताना ते डोक्यातनं जाईचना.

कारण वर्गात बघितलं तर घरं किती तऱ्हेची आहेत. वडील मुंबईला, आई-आजी-पोरं गावात, हे तर निम्म्या कोकणाचं घर. काहींचे वडील बोटीवर नाहीतर आखातात. काही मामाकडे राहतात. एकत्र कुटुंबवाली आहेत, आई एकटी असलेली आहेत, आणि वडील घरातच आहेत पण संध्याकाळनंतर नसल्यासारखे, अशीही आहेत. स्टाफरूममध्ये मात्र एकच ठरलेलं वाक्य, 'घरात बाप नाही ना, म्हणून पोर असं.' मला हे पटत नाही. बाप घरात असलेलीही तशीच बघितलीत की मी.

अजून एक. या गोष्टीला घरात बोलायला आपल्याकडे शब्दच नाही बघा. आत्मसन्मान म्हटलं की भाषण वाटतं. शेफारणे, माजणे, डोक्यावर बसणे हे शब्द मात्र भरपूर. आणि उलट्या बाजूला आपण काय म्हणतो? "पोर अगदी गरीब हो." हे कौतुक असतं! जे पोर कधी काही मागत नाही, मान वर करत नाही, ते गुणाचं.

तुमच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तुमच्या घरात काय होतं ते लिहा. उपदेश नको, घडलेलं लिहा.

बाबल्या_मालवणी | रविवार, रात्री १०:४०

बाई, तुमच्या त्या झिलाचो प्रश्न एकदम बराबर. आमच्या झिलाक दहावीक ५२ टक्के पडले. माझ्या भावाचो झील मुंबैत, तेका ९१. गणपतीक सगळी इली नि दारात पाय ठेवल्या ठेवल्या पयलो प्रश्न, 'किती पडले रे?' ह्यो मागल्या दारान जावन माडात बसलो तो आरतीक पण येयना.

आता गंमत आयका. तिसऱ्या दिवशी मुंबैकरांका खाडीत फिराक जावचा होता नि होडयेचा इंजिन सुरू होयना. गणपतीत मेकॅनिक खय मिळतलो? शेवटाक ह्यानच प्लग काढल्यान, पुसल्यान, तोंडान फुकल्यान नि दोन दोरयेत चालू केल्यान. ९१ वालो बाजूक उभो रवान मोबाइलात शूटिंग करी होतो. तेवा सगळी वा वा वा. पण घाटयेर सगळे परत इले नि वैनी माका इचारता, 'मग आता ह्याचं काय करायचं ठरवलंत?'

ओहोटी | रविवार, रात्री ११:०५

बाबल्यादादा, हे वाचून मला विल्यम जेम्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आठवला. १८९० साली त्याने सरळ अपूर्णांक मांडला होता: स्वतःबद्दल काय वाटतं = मिळालेलं यश भागिले बाळगलेली अपेक्षा. म्हणजे अंश तोच राहिला तरी छेद वाढला की उत्तर खाली येतं. तुमच्या झिलाचे ५२ जूनपासून ५२च होते, गणपतीत पाव्हणे आले आणि छेद ९१ झाला.

आणि आपल्याकडचा छेद आधीच भारी आहे हे विसरू नका. कोकण बोर्ड वेगळं झाल्यापासून दहावीच्या निकालात आपण राज्यात पहिले, २०२४ला तर ९९.०१ टक्के. पेपरात मथळा वाचून आपण खूश. पण ज्या विभागात शंभरातली नव्व्याण्णव पास होतात तिथे काठावर पास झालेल्याला काय वाटत असेल, आणि त्या उरलेल्या एकाला? दुसऱ्या विभागात निदान सोबत तरी मिळते नापासांची.

सुझन हार्टर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं याच्याच पुढचं. मूल सगळ्या बाबतीत एकच किंमत धरत नाही. अभ्यास वेगळा, मैदान वेगळं, मित्रांत स्थान वेगळं, दिसणं वेगळं. ज्या गोष्टीला ते महत्त्व देतं तिच्यात मागे पडलं तर खरं लागतं. आणि महत्त्व कशाला द्यायचं हे ते बघून शिकतं, घरातले कशाला देतात ते. इंजिनाला तुमच्या वैनींनी शून्य मार्क दिले, पोराने बघितलं.

गुरुजी_निवृत्त | सोमवार, सकाळी ६:२०

क्षमा असावी, पण हे सगळं अमेरिकन खूळ आहे. ३१ वर्षं शिकवलं. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली या आत्मसन्मानासाठी सरकारी समिती नेमली होती, कल्पना अशी की पोरांना स्वतःबद्दल बरं वाटायला लावलं की व्यसनं, गुन्हेगारी, नापास होणं सगळं आटोक्यात. पुढे २००३ साली बाउमायस्टर नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी आधीचे अभ्यास चाळून काढले तेव्हा निघालं काय, तर आत्मसन्मान वाढवून मार्क वाढत नाहीत, उलट मार्क चांगले पडले की आत्मसन्मान वाढतो. बैल कुठे आणि गाडी कुठे ते बघा. उगाच 'शाब्बास शाब्बास' करून पोरं फुकट जातात.

आंबेशेतकरीण | सोमवार, सकाळी ७:०२

गुरुजी, शाब्बास शाब्बासची बाजू मीपण घेत नाहीये. फुकटची शाब्बासकी पोरांना लगेच कळते, ती हसतात त्यावर. पण मी मार्कांसाठी हा धागा काढलाच नव्हता. जे पोर वर्गात ओ देताना खाली बघतं त्याचे मार्क वाढले नाही तरी चालतील मला, मान वर यावी एवढंच आहे. शाळेची घंटा झाली, नंतर लिहिते.

सुरंगी | सोमवार, दुपारी १:४८

मुलींचं कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते. मी आता २१ची, सिंधुदुर्गात कॉलेजला.

घर एकत्र, माणसं चौदा. बारा वर्षांची होईपर्यंत मी चुलतभावांबरोबर पऱ्ह्यात डुंबायचे, काजूवर चढायचे, सायकल आम्हा सगळ्यांत एकच होती आणि ती सगळ्यांत लांब मीच मारायचे. मग एका मे महिन्यात सगळं बंद. कोणी ओरडलं नाही हां, प्रेमानेच. 'आता मोठी झालीस.' 'उन्हात जाऊ नको, आधीच रंग काळा.' सायकल भावाकडे गेली ती गेलीच.

आणि गणपती. नववीत असताना नेमकी पहिल्याच दिवशी पाळी आली. आमच्याकडे बाजूला बसवायचे. पडवीच्या टोकाला चटई, पाण्याचा वेगळा तांब्या. आतमध्ये आरती चाललेली, सगळी मुंबईची भावंडं टाळ बडवतायत आणि जो येतो तो मला बघतो आणि त्याला कळतं. एक चुलतभाऊ, माझ्याच वयाचा, त्याने मला बघून नजर चुकवली. लाज मला वाटायला पाहिजे असं त्या नजरेने मला सांगितलं. त्या चटईवरची मी आणि मे महिन्याच्या आधी सायकल मारणारी मी, एकच मुलगी आहे हे मला पुढे कित्येक वर्षं पटायचं नाही.

म्हणजे बघा, भरलेलं गोकुळ होतं घर. आई, बाबा, आजी, दोन काका, सगळे जागेवर. बाहेरून बघणारा म्हणेल काय कमी होतं पोरीला.

ओहोटी | सोमवार, दुपारी २:३०

सुरंगी, धीटपणे लिहिलंस. २०१६ साली एक मोठा अभ्यास आला होता, ४८ देश, जवळजवळ १० लाख माणसं. जवळपास सगळीकडे पुरुषांचा आत्मसन्मान बायकांपेक्षा वरचा निघाला आणि वय वाढेल तसा दोघांचाही वाढत गेला. गंमत म्हणजे श्रीमंत पाश्चात्त्य देशांत ही दरी जास्त रुंद. पण ते इंटरनेटवर प्रश्नावली भरणारे लोक, चटईवर बसलेली मुलगी त्यात कुठून येणार.

पडवीतला | सोमवार, रात्री ९:१५

मी मामाकडे वाढलो. वडील लवकर गेले, आईला माहेरी आणलं, मग तिला तालुक्याला बालवाडीत काम मिळालं तर ती आठवड्याने यायची. मामा-मामी चांगली माणसं, आजही मी त्यांना नमस्कार केल्याशिवाय मुंबईला परत जात नाही. कधी कोणी घालूनपाडून बोललं नाही, कधी कोणी जेवू नको म्हटलं नाही. पण तळलेली तुकडी मी स्वतःहून कधी उचलली नाही. वाढली तर खायची. मामेभाऊ हात घालून घ्यायचे. मामी म्हणायची घे रे घे रे लाजतोस काय, आणि मी म्हणायचो नको पोट भरलं. सुरमईने भरलेलं ताट समोर असताना सोळा वर्षांच्या पोराचं पोट भरतं होय?

पाव्हण्यांना मामा ओळख करून द्यायचा, "हा ताईचा मुलगा, आमच्याकडे असतो." एवढंच. वाईट काय त्यात? काहीच नाही. पण 'असतो' हा शब्द मला अजून टोचतो.

बाई म्हणतात ना 'गरीब पोर', ते मीच. अख्ख्या गावात माझं कौतुक होतं, भाचा असावा तर असा म्हणून. आता चाळिशी आली, ऑफिसात प्रमोशन मागायची वेळ आली की घशात तीच तुकडी अडकते.

कणकवलीकर_माय | सोमवार, रात्री ९:५०

पडवीतला, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

मी घटस्फोटित, मुलगी दहावीत, माहेरी न राहता भाड्याने वेगळी राहते, मुद्दाम. लोक म्हणतात पोरीच्या मनावर परिणाम होईल. होईल ना, झालाच. पण परिणाम घटस्फोटाचा की आधीच्या सात वर्षांचा, हे कोणी विचारत नाही. भांडण सुरू झालं की ती कपाटात जाऊन बसायची, आत टॉर्च ठेवलेला होता तिने. वेगळं झाल्यावर वर्षभराने टॉर्चचे सेल संपले ते तिने परत आणायला सांगितलेच नाहीत. माझ्यासाठी तोच रिपोर्ट.

वकीलबाईंनी मला तेव्हा एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, आमाटो आणि कीथ, १९९१चा, ९२ अभ्यास एकत्र करून बघितलेला, १३ हजारांवर मुलं. घटस्फोटितांची मुलं आणि एकत्र राहणाऱ्यांची मुलं यांत फरक होता, पण लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान. आणि जी घरं टिकली पण धुमसत राहिली तिथली मुलं काही बरी नव्हती.

खरं टोचतं ते भलतीकडेच. शाळेचा प्रत्येक फॉर्म. वडिलांचं नाव, वडिलांची सही, वडिलांचा व्यवसाय. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आधी येणार. माझी जन्मली २००९ला. चला, पुढच्यांचं तरी बरं.

चाकरमानी_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ८:३० (लोकलमधून)

मुंबैवाल्यांना शिव्या चालल्यात तर आमचीपण बाजू ऐका. बाबल्याच्या त्या ९१ वाल्यासारखा माझा मुलगा. इथे त्याच्या क्लासमध्ये ९६ वाली पंधरा पोरं आहेत. गावाला गेला की राजा, डोंबिवलीत परत आला की कोणी विचारत नाही. गावी तो जरा जास्तच फुशारकी मारतो ते मला दिसतं, पण थांबवत नाही मी, कारण वर्षातले दहाच दिवस मिळतात त्याला. आता इथून उतरायचंय, ठाणे आलं.

आशाताई_नव्हे_पण_जवळची | मंगळवार, दुपारी १२:२०

सरकारी दवाखान्यात काम करते म्हणून एक सांगते. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १० ते १९ वयासाठी, आणि आपल्याकडे त्याचं 'मैत्री' क्लिनिक असतं. फुकट, समुपदेशक असतो. पोरं येत नाहीत, कारण बाहेरच्या बाकावर कोणाची तरी आत्या बसलेली असतेच. म्हणून फोन सांगा त्यांना: टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आणि मुलांची हेल्पलाइन १०९८. पोर सारखं 'माझा काय उपयोग', 'मी नसलो तर बरं' असं बोलायला लागलं, जेवण-झोप सुटली, तर धाग्यावर चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

आंबेशेतकरीण | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, धन्यवाद, नंबर मी वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, पुसायचा नाही म्हणून चौकट करून.

आता मला जे सांगायचंय त्यावर येते. ज्या रोझेनबर्गने ती पट्टी काढली त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या १० सरकारी हायस्कूलांतल्या ५ हजारांवर मुलांना ती दिली होती, वय साधारण आपल्या अकरावी-बारावीचं. आईवडिलांना मुलात रस आहे का हे बघायला त्याने तीन साध्या गोष्टी धरल्या. मुलाचे मित्र कोण ते त्यांना ठाऊक आहे का. प्रगतिपुस्तक आणलं की ते काय करतात. आणि जेवताना मूल बोलतं तेव्हा ते ऐकतात का. आणि निघालं असं की ज्यांच्याकडे लक्षच दिलं जात नव्हतं ती मुलं, मार्क कमी पडले म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलांपेक्षाही स्वतःला कमी लेखत होती.

मला हे वाचून चरकलं, कारण या तिन्हीला घर कसलं आहे याची अट नाही. बाप मुंबईत असून मित्रांची नावं सांगू शकतो, चौदा माणसांच्या घरात एकालाही ठाऊक नसू शकतात. २०११च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, म्हणजे पुरुष बाहेर असणं हा आपल्याकडे अपवाद नाहीच, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मनिऑर्डरवर चाललेला जिल्हा म्हणायचे ना. मग अख्खा जिल्हा बिघडलेला का?

पण फोन काय होतो ते मी ऐकलंय, पोरं शाळेत नक्कल करून दाखवतात: "जेवलास? अभ्यास? बरं. आईला दे." संपला फोन.

दर्यावर्दी_७८ | बुधवार, पहाटे ३:४० (बोटीवरनं)

बाई, नक्कल माझीच केलीय बहुतेक.

मर्चंट नेव्हीत आहे, इंजिन रूमला. आठ महिने बाहेर, चार घरी. मुलगा चौदा. दर आठवड्याला फोन असतो माझा, चुकवत नाही, पैसे वेळेवर, मागेल तो मोबाइल घेऊन दिला. तुमची पोस्ट वाचून मी वही काढली आणि त्याच्या मित्रांची नावं लिहायला बसलो. एक लिहिलं. मग आठवलं ते कुटुंब तर तीन वर्षांपूर्वी पनवेलला गेलं.

गुरुजी_निवृत्त | बुधवार, सकाळी ६:१५

दर्यावर्दी, वाईट वाटून घेऊ नका. मी ३१ वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नावं पाठ केली, माझ्या मुलाच्या बेंचवर कोण बसायचं मला आजही माहीत नाही.

बाबल्या_मालवणी | बुधवार, सकाळी ९:००

गुरुजी 😮

मी काल झिलाक इचारलंय, इंजिन खय शिकलं रे? म्हणता, 'तुमीच शिकवलास, मी सात वर्षांचो होतंय, तुमी प्लग काढलास नि माझ्या हातात दिलास धरूक.' माका आठवत पण नाय.

दर्यावर्दी_७८ | शुक्रवार, रात्री ११:५५

नेट मिळालं म्हणून लिहितो. आज फोन लावला. जेवलास विचारलं नाही. म्हटलं, तुझ्या बाकावर कोण बसतं रे आता?

गप्पच झाला. मग म्हणाला, "का? शाळेतनं फोन आला काय?"

म्हटलं नाय, असंच. अजून थोडा वेळ गप्प. मग म्हणाला तुम्ही ओळखत नाय बाबा त्यांना, सांगतो, पण दहा मिनिटं लागतील, नेट आहे ना तेवढं? म्हटलं आहे. एकाच्या घरी बैल आहेत, एकजण पकवाज वाजवतो, तिसऱ्याला सगळे 'डांबर' म्हणतात पण हा म्हणत नाही कारण त्याला ते आवडत नाही. चौथ्याचं नाव सुरू केलं आणि लाइन गेली.

पुढचं पोर्ट मंगळवारी.